आजीची झोप आणि इंजिनिअरिंगचा तास

गेली अठरा वर्षे इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतो आहे. एक अनुभव दरवर्षी येतो. सूत्र देऊन गणित घातलं की वर्गातली पेनं भराभर चालू लागतात. पण ‘या अडचणीवर काही मार्ग सुचवा’ म्हटलं की सगळ्यांच्या माना खाली! कोणीतरी हळूच विचारतं, “सर, हे परीक्षेला आहे का?”

म्हणून पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी आठवड्याचा एक तास वेगळा ठेवला. विषय घरातलाच दिला. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही. आलं की टाकी भरून वाहते. ते कसं थांबवायचं?

फळ्यावर दोन नियम लिहिले. पहिला अमेरिकेच्या ॲलेक्स ऑसबर्न यांचा. त्यांचं ‘अप्लाइड इमॅजिनेशन’ हे पुस्तक १९५३ साली आलं. कल्पना सुचत असताना कोणाला हसायचं नाही, नावं ठेवायची नाहीत. आधी भरपूर सुचू द्यायचं, निवड मागाहून. दुसरा नियम माझा : बोलायचं फक्त इंग्रजीत. पुढे मुलाखती द्यायच्या आहेत ना!

चार तास थंड गेले. तीच चार-पाच मुलं सेन्सर, मोबाइल ॲप असं काही सांगायची; बाकीची गप्प. मागच्या बाकावरच्या एका मुलीने तर तोंडच उघडलं नव्हतं. पालकसभेत तिच्या वडिलांना मी सांगूनही बसलो होतो, “पाठांतर चांगलं आहे, पण डोकं चालवत नाही.”

पाचव्या तासाला मीच कंटाळून म्हटलं, “मराठी, कन्नड, जे येईल त्यात बोला.” वर्गात एकदम गलका झाला. आणि ती मुलगी उभी राहिली.

“सर, नम्म अज्जी निद्दी माडंगिल्री.”

मला कळेना, टाकीचा आणि आजीच्या झोपेचा संबंध काय? मग तिने सांगितलं. पाणी यायची वेळ नक्की नाही. आजी नळ उघडा ठेवून खाली पत्र्याचा डबा पालथा घालते. पाणी पडलं की डबा वाजतो, आजी उठते. पण आता तिला ऐकू कमी येतं. पाणी चुकेल या धास्तीने ती रात्रभर जागीच असते. “आमच्याकडे टाकीच नाही, सर. वाहून काय जाणार?”

तासाला सगळे तिच्या प्रश्नाला भिडले. शेवटी ठरलं ते अगदी साधं : नळाखाली बादली, तिच्यात थर्मोकोलचा तुकडा. पाण्याबरोबर तो वर आला की दोन तारा जुळतात आणि आजीच्या उशाशी बॅटरीवरचा दिवा लागतो. हे डोकं त्या मुलीचं. मी चुकीचा प्रश्न दिला होता, तिने बरोबर प्रश्न शोधला.

मग वर्गात विश्वेश्वरय्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्याच नावाचं विद्यापीठ १९९८ पासून आपल्या बेळगावात आहे. जन्म म्हैसूर मुलखातला, इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं. खडकवासल्याला पाण्याचा साठा वाढवायचा होता. ‘भिंत किती उंच करायची?’ एवढंच विचारलं असतं, तर उत्तर खर्चाचंच निघालं असतं. त्यांनी सांडव्यावरून वाहून जाणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. १९०३ साली तिथे स्वयंचलित दरवाजे बसले : पाणी ठरल्या पातळीला चढलं की आपोआप उघडणारे, उतरलं की मिटणारे. भिंत तेवढीच, साठा जास्त.

इंग्रजी हवंच, मुलाखतीला ते लागणारच. पण अडचण आधी घरच्या भाषेत कळते. आपल्या घरांत तर अशा दोन भाषा आहेत! मुलांनी कुठल्याही भाषेत काही वेडंवाकडं सुचवलं, तर पालकांनो, लगेच ‘अभ्यास कर’ म्हणू नका.

त्या मुलीच्या वडिलांना मी पुन्हा बोलावलं. माझंच चुकलं, असं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, “राहू द्या हो सर. आई आता झोपते, तेवढं पुरे आहे.”