कोणता मासा कोणत्या पाण्यात

पावसाळा लागला की आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या गटांत एकच चर्चा असते, यंदा तलावात बीज कोणतं टाकायचं? बीजवाला म्हणतो, सगळा कटलाच घ्या, लवकर वाढतो. वाढतो हे खरं. पण गटाची बचत पाण्यात सोडण्याआधी पाण्याखाली काय चालतं ते समजून घेऊ.

कोणता मासा कुठे राहतो हे त्याचं तोंड सांगतं. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं. तो वरच्या पाण्यात फिरतो आणि तिथले अगदी बारीक जीव गाळून खातो. रोहू मधल्या पाण्यात पोहतो. त्याच्या ओठाला झालर असते, शेवाळ आणि कुजती पानं तो कुरतडतो. मृगळाचं तोंड खाली. तळाचा गाळ, सडका पालापाचोळा हे त्याचं जेवण.

आता नुसता कटला टाकला तर काय होईल? वरचं खाणं संपेल, सगळे त्यावरच भांडतील, आणि खालचं तसंच पडून राहील. म्हणून दहा बोटुकल्यांत 4 कटला, 3 रोहू, 3 मृगळ असं प्रमाण धरतात. एकरी साधारण 2000 बोटुकली. बोडी उथळ असेल, उन्हाळ्यात पाणी गुडघ्यावर येत असेल, तर आकडा कमीच ठेवा. तिथे वरचे नि खालचे मासे एकाच जागेत कोंबले जातात. गवत्या पाणवनस्पती छान साफ करतो, पण बोडीचं पाणी बांधीत उतरत असेल तर तो धानही सोडणार नाही.

मासा पुढे जातो शेपटीच्या जोरावर. बाजूच्या परांनी तो वळतो, थांबतो. आणि एका खोलीवर न बुडता टिकतो तो पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. रोहू चिरताना मधे आवळलेली पांढरी फुगीर पिशवी आपण काढून टाकतो ना, तीच ती.

पहाटे तलावावर एक चक्कर मारायचीच. रात्रभर शेवाळासकट सगळेच पाण्यातला प्राणवायू वापरतात, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी तो सर्वांत कमी असतो. कटला वर दिसला तर ते त्याचं घरच आहे. पण तळाचा मृगळ वर येऊन तोंड उघडझाप करत असेल तर धोका समजा. त्या दिवशी शेण आणि खाद्य बंद. ताजं पाणी सोडा, नाहीतर निदान पाणी खळबळवा.

पहिल्या पुरात मासे प्रवाहाच्या उलट चढतात. चढणीचे मासे आपण लहानपणापासून बघतो. नदीत रोहू, कटला, मृगळ असेच चढून अंडी घालतात. साचलेल्या तलावात घालत नाहीत, म्हणून तर बीज विकत आणावं लागतं. तेव्हा पाणी येण्याच्या आणि सांडव्याच्या, दोन्ही तोंडांना जाळी हवी. आपण सांडव्याला बांधतो आणि येणारं तोंड मोकळं ठेवतो. बीज तिथून वर निघून जातं, शिवाय मरळ आत येतो आणि बोटुकली गिळतो.

शेवटी जाळं ओढताना खालची शिसं लावलेली दोरी तळाला घासत गेली पाहिजे. उचलली गेली की मृगळ खालून निसटतो. पहिल्या ओढीत मृगळ कमी निघाला तर बीजवाल्याशी भांडायच्या आधी ती दोरी बघा.