व्हेनिअर की कॅप? आधी दात किती शिल्लक आहे ते पाहा

लग्नाची तारीख ठरली की दातांकडे लक्ष जाते. नाशिकमध्येही दंतवैद्याच्या खुर्चीत बसताच तरुण मुले-मुली विचारतात, ‘समोरच्या दातांना व्हेनिअर लावू की कॅप बसवू?’ मोबाइलवर पाहिलेले पांढरेशुभ्र हसू मनात असते आणि मुहूर्त जवळ आलेला असतो. अशा वेळी दोन्हींतले स्वस्त काय, झटपट काय, एवढेच विचारले जाते. बसवण्यापूर्वी आपला दात किती तासला जाणार, हा महत्त्वाचा प्रश्न मात्र राहून जातो.

व्हेनिअर म्हणजे दाताच्या फक्त दर्शनी बाजूवर चिकटवलेला पोर्सिलेनचा किंवा कॉम्पोझिटचा पातळ पापुद्रा. त्यासाठी दात साधारण अर्धा मिलिमीटर घासावा लागतो, काही वेळा त्याहूनही कमी. कॅप, म्हणजेच क्राउन, ही दातावर चहूबाजूंनी बसणारी टोपी. ती नीट बसावी म्हणून दात सगळीकडून एक ते दोन मिलिमीटर कमी करावा लागतो. ऐकायला फरक थोडा वाटतो, पण दातच मुळात लहान. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात समोरच्या दातांचे मोजमाप झाले होते. व्हेनिअरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा 3 ते 30 टक्के अंश जातो, तर पूर्ण कॅपसाठी 63 ते 72 टक्के, असे त्यात आढळले.

गेलेले इनॅमल परत येत नाही

दाताचे वरचे कठीण आवरण म्हणजे इनॅमल. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच नष्ट होतात. हाड मोडले तर जुळते, जखम भरून येते, पण इनॅमल पुन्हा तयार होत नाही. म्हणून एकदा व्हेनिअरसाठी किंवा कॅपसाठी दात घासला की तो कायमचा झाकून ठेवावा लागतो. पोर्सिलेनचे व्हेनिअर दहा वर्षे किंवा अधिक टिकते, चांगली कॅपही तेवढीच टिकते. पण पंचविसाव्या वर्षी बसवलेली वस्तू जन्मभर पुरत नाही. पुढे एक-दोनदा ती बदलावी लागणार, हे गृहीत धरूनच निर्णय घ्यावा.

व्हेनिअर टिकते तेही इनॅमलच्याच जोरावर. 1930 च्या दशकात हॉलिवूडच्या नटनट्यांसाठी असे पापुद्रे बनवले जात, पण ते चित्रीकरणापुरते चिकटवून नंतर काढून ठेवावे लागत. 1955 साली मायकेल बुओनोकोर या अमेरिकी संशोधकाने इनॅमलला सौम्यपणे आम्ल लावून खडबडीत केले, तर त्यावर रेझिन घट्ट बसते, हे दाखवले. पोर्सिलेनही याच रीतीने चिकटवण्याचे तंत्र 1980 च्या दशकात रुळले आणि व्हेनिअर कायमस्वरूपी झाले. म्हणजे इनॅमल फारसे उरले नसेल, तर व्हेनिअरची पकडही कमकुवत राहते.

कोणाला काय?

दात निरोगी आहे, पण डाग जात नाहीत, टोकाचा टवका उडाला आहे किंवा दोन दातांत थोडी फट आहे, अशा वेळी व्हेनिअरचा विचार होतो. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. तिथे लहानपण गेलेल्यांच्या दातांवर तपकिरी डाग दिसतात. अशांनाही व्हेनिअरचा उपयोग होऊ शकतो.

दात किडीने पोखरला आहे, मोठे फिलिंग आहे किंवा तडा गेला आहे, तर पापुद्रा पुरत नाही, तिथे कॅपच हवी. रूट कॅनाल केलेल्या दाढेबाबत तर चालढकल नकोच. दुखणे थांबले म्हणून अनेक जण कॅप बसवायला परत जात नाहीत आणि काही महिन्यांत एखादा कडक घास चावताना दाढ उभी चिरते. मग ती काढण्यावाचून इलाज उरत नाही. रूट कॅनालनंतर कॅप न बसवलेले दात, कॅप बसवलेल्या दातांच्या तुलनेत सहापट वेगाने गमावले गेले, असे अमेरिकेतील एका अभ्यासात 2002 मध्ये दिसले होते.

याउलट, केवळ पिवळसर रंगासाठी धडधाकट दातांवर कॅप बसवणे महागात पडू शकते. जास्त तासल्याने आतल्या नसेला इजा होऊन पुढे त्याच दाताचे रूट कॅनाल करावे लागण्याचा धोका असतो. अनेकांचे काम तर दात स्वच्छ करून घेणे, ब्लीचिंग किंवा थोडे कॉम्पोझिट भरणे यावरच भागते. दात वाकडे असतील तर तारा लावायला वेळ लागतो खरा, पण दात शाबूत राहतात.

आधी कारण शोधा

दात झिजला असेल तर तो का झिजला, हे आधी पाहावे लागते. रोज मशेरी घासणे, तंबाखू, झोपेत दात खाणे, लिंबू-सोडा किंवा थंड पेये सतत पिणे, ही नेहमीची कारणे. नाशिकच्या ओळखीची झालेली वाइनही आम्लधर्मीच, म्हणून ती घोट-घोट रेंगाळत पिण्याची सवय इनॅमलला मारक ठरते. कारण तसेच राहिले तर नवे व्हेनिअरही निखळते. झोपेत दात खाणाऱ्याला रात्री घालायचे गार्ड लागते. व्हेनिअर लावल्यावर दाताने ऊस सोलणे, बाटलीचे झाकण उघडणे, नखे खाणे सोडावेच लागते. कॅपच्या कडेला हिरडीजवळ कीड लागू शकते, म्हणून तिथे ब्रश नीट फिरायला हवा.

खर्चाचा अंदाज आल्यावर घाईने होकार देऊ नये. माझा दात किती घासणार, न घासता काही होईल का, एक्स-रेत नस आणि हाड कसे आहे, हे बदलावे लागले तर पुढे काय, ही चार उत्तरे आधी मिळायला हवीत. शंका असेल तर दुसरे मत घ्यावे. नाशिकमध्ये पंचवटीत महात्मा गांधी विद्यामंदिराचे दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांत रूट कॅनाल आणि कृत्रिम दातांचे स्वतंत्र विभाग असतात आणि उपचारांचा खर्चही सहसा कमी येतो. पार्लरमध्ये लावून मिळणारे किंवा ऑनलाइन मागवलेले व्हेनिअर मात्र टाळावे. हे काम राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असलेल्या दंतवैद्याचेच आहे. आणि मुहूर्त जवळ असेल तर दात स्वच्छ करून घेऊन बाकीचा निर्णय लग्नानंतर शांतपणे घेतला, तरी काही बिघडत नाही.