परदेशी जाणाऱ्या सिस्टरची वाट कुठे अडते?



सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर आणि कळवण तालुक्यांतील पाड्यांवरून नर्सिंग शिकायला नाशिकला येणाऱ्या मुली आता मोजक्या राहिलेल्या नाहीत. त्यांतल्या कित्येक जणी आपल्या घरातल्या पहिल्याच बारावी पास आहेत. कोर्स संपत आला की घरात आणि मंडळीतही एकच प्रश्न निघतो: "आता ही बाहेरदेशी जाईल का?" केरळच्या सिस्टर आखातात, इंग्लंडला, जर्मनीला गेल्या, त्यांनी घरे बांधली, भावंडांना शिकवले, हे आपण ऐकून आहोत. मग आपल्या मुलीने का जाऊ नये?

जायला हरकत काहीच नाही. पण अशा मुलींची कागदपत्रे पाहताना एक गोष्ट मला वारंवार दिसते. रुग्णसेवेत कमी पडली म्हणून अडलेली मुलगी क्वचितच भेटते. मुली अडतात त्या तीन गोष्टींवर: बारावीनंतर कोणता कोर्स घेतला, दाखल्यावर नाव कसे लिहिले गेले आणि पहिल्या नोकरीचा कागद ठेवला की नाही. म्हणजे परदेशातला निम्मा निकाल इथेच, मुलगी अठरा-वीस वर्षांची असतानाच लागतो. आपण मात्र मदतीला धावतो ते शेवटी, एजंटाला पैसे भरायची वेळ आली की. ही मदत आधी कशी पोहोचेल, ते समजून घेऊ या.

नोकरी वेगळी, परवाना वेगळा

आपल्याकडे नर्सिंगचे शिक्षण भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांनुसार चालते. ही परिषद 1947 च्या कायद्याने स्थापन झाली. महाराष्ट्रात काम करायचे तर मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवावे लागते. ही नोंदणी आपल्या राज्यात चालते, पण परदेशात ती परवाना ठरत नाही. प्रत्येक देशाची स्वतःची परिषद असते आणि ती अर्जदाराचे शिक्षण, नोंदणी, भाषा आणि कौशल्य नव्याने तपासते.

म्हणून "हॉस्पिटलने निवड केली, व्हिसाही येतोय" एवढ्यावर आनंद करू नये. निवड हॉस्पिटल करते, परवाना परिषद देते. परवाना नसेल तर मुलगी तिथे नर्स म्हणून काम करू शकत नाही. इंग्लंडमध्ये आपल्याकडच्या कितीतरी शिकलेल्या नर्स "केअरर" म्हणून, म्हणजे वृद्धांची देखभाल करणाऱ्या मदतनीस म्हणून गेल्या. ते काम मानाचेच आहे, पण त्यात नर्सची नोंदणीही नाही आणि पगारही नाही. आता तर 22 जुलै 2025 पासून परदेशातून नव्याने केअरर भरती करण्याचा तो मार्ग ब्रिटिश सरकारने बंद केला आहे. आजही कोणी त्या व्हिसाचे आश्वासन देऊन पैसे मागत असेल, तर सावध व्हावे.

पहिला अडथळा: कोर्स

आपल्या भागात सर्वाधिक मुली एएनएमला जातात. दोन वर्षांचा कोर्स, कोणत्याही शाखेची बारावी चालते आणि उपकेंद्रावर नोकरीची आशा असते. गावातील लसीकरण आणि बाळंतपणे याच भगिनींनी सांभाळली आहेत. पण एएनएमची नोंदणी वेगळ्या नोंदवहीत होते. परदेशातील परिषदा ज्याला "जनरल नर्स" म्हणतात, त्या पात्रतेत ती बसत नाही. इंग्लंडमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची तर किमान जीएनएम हवे. ते तीन वर्षांचे आहे. चार वर्षांची बी.एस्सी. नर्सिंग पदवी असेल तर आणखी दारे उघडतात, पण तिला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागते.

एएनएम झालेल्या मुलीने निराश होऊ नये. नोंदणीकृत एएनएमला जीएनएमला प्रवेश घेता येतो आणि जीएनएमनंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येते. वाट लांबते, संपत नाही.

कॉलेजही पाहून निवडावे. कमी फी सांगून मुलींना दुसऱ्या राज्यातील कॉलेजात नेणारे लोक दरवर्षी जून-जुलैत गावोगाव फिरतात. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: त्या राज्याच्या नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, परीक्षा कोणते विद्यापीठ किंवा मंडळ घेते आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत कॉलेजचे नाव आहे का.

दुसरा अडथळा: नाव आणि जन्मतारीख

परदेशातील परिषद आपली झेरॉक्स मानत नाही. विद्यापीठ, परीक्षा मंडळ आणि नर्सिंग कौन्सिलकडून ती थेट माहिती मागवते. बी.एस्सी. झालेल्या मुलींना आपल्या नाशिकचेच महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ उपयोगी पडते. म्हसरूळचे हे विद्यापीठ 1998 मध्ये सुरू झाले आणि राज्यातील बहुतेक नर्सिंग पदव्या तिथूनच मिळतात. एएनएम आणि जीएनएमचे काम आता मुंबईच्या राज्य परिचर्या व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे आहे. मिशन हॉस्पिटलांच्या काही शाळांच्या परीक्षा ख्रिश्चन मेडिकल असोसिएशन ऑफ इंडियाच्या नर्सेस लीगच्या मंडळांमार्फत झाल्या आहेत. तिथे शिकलेल्या भगिनींनी आपले प्रमाणपत्र कोणत्या मंडळाचे आहे ते आधी पाहावे.

या सगळ्या कागदांवर नाव एकच हवे, आणि इथेच आपल्या मुली अडकतात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर आडनाव आणि नाव असे वेगळे रकाने असतात. परदेशातील कारकुनाला आडनाव कोणते हे कळत नाही. "भोये" हे एकच आडनाव इंग्रजीत एका कागदावर भोये, दुसऱ्यावर भोई आणि आधारवर भोय असे वाचले जाईल अशा रीतीने लिहिलेले सापडते. लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे नाव येते आणि आडनावही बदलते. मग पदवी एका नावाची, नोंदणी दुसऱ्या आणि पासपोर्ट तिसऱ्या.

जन्मतारखेचेही तसेच. पाड्यावर जन्मलेल्या मुलांचा जन्मदाखला नसे आणि शाळेत नाव घालताना गुरुजी 1 जून ही तारीख टाकत. आपल्या कितीतरी जणांचा वाढदिवस 1 जून आहे तो त्यामुळेच. तारीख सगळ्या कागदांवर तीच असेल तर फार बिघडत नाही. पण नंतर कोणी ग्रामपंचायतीतून खऱ्या तारखेचा जन्मदाखला काढला आणि त्यावर पासपोर्ट केला, की दोन तारखा समोरासमोर येतात.

दुरुस्ती करता येते. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्रातील चूक शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे सुधारता येते आणि ते मंडळ नाशिकलाच आहे. नाव बदलल्याची नोंद महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात करता येते. मात्र याला महिने लागतात, म्हणून हे काम कोर्सच्या पहिल्या वर्षीच उरकावे. लग्न झालेल्या मुलींना माझे सांगणे असते की शिक्षण, नोंदणी आणि पासपोर्ट माहेरच्या नावानेच ठेवा. कायद्याने नाव बदलणे सक्तीचे नाही, शिवाय जातवैधता प्रमाणपत्रही त्याच नावाचे असते.

तिसरा अडथळा: अनुभवाचा कागद

आखाती देशांतल्या नोकऱ्यांसाठी साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात. अनुभवपत्र खरे आहे का, हे डेटाफ्लो नावाची तपासणी करणारी कंपनी त्या हॉस्पिटलला विचारून पाहते. आपल्या मुली लहान नर्सिंग होममध्ये रोख पगारावर काम करतात, नेमणूकपत्र घेत नाहीत. पेठ तालुक्यातील एका मुलीने असे तीन वर्षे रात्रपाळीचे काम केले. पडताळणीची वेळ आली तेव्हा ते नर्सिंग होम बंद झालेले होते आणि तिच्याकडे एक पगारचिठ्ठीही नव्हती. तिची तीन वर्षे कागदावर शून्य ठरली. त्यानंतर तिने मोठ्या रुग्णालयात नव्याने सुरुवात केली.

नेमणूकपत्र, बँकेत जमा होणारा पगार आणि सोडताना अनुभवपत्र, या तीन गोष्टी पहिल्या दिवसापासून मागाव्यात. कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरणही वेळेवर करावे. खंड पडला तर परदेशात पाठवायचे "गुड स्टँडिंग" प्रमाणपत्र, म्हणजे हिची नोंदणी चालू आहे आणि हिच्यावर कारवाई नाही असे पत्र, मिळायला अडचण येते.

देशोदेशीची दारे

इंग्लंडमध्ये दोन परीक्षा आहेत. संगणकावरची परीक्षा भारतातच देता येते. दुसरी प्रात्यक्षिक परीक्षा, ओएससीई, तिथे जाऊन द्यावी लागते. तिचे शुल्क 794 पौंड आहे आणि पुष्कळ सरकारी रुग्णालये ते स्वतः भरतात. त्याआधी इंग्रजी: आयईएलटीएसमध्ये वाचणे, ऐकणे आणि बोलणे यांत 7 आणि लिहिण्यात 6.5 गुण हवेत. आश्रमशाळेत मराठीतून शिकलेल्या मुलीला हाच खरा डोंगर वाटतो. तो चढता येतो, पण तीन महिन्यांच्या क्लासने नव्हे. रोज थोडे, दोन-तीन वर्षे.

जर्मनीत इंग्रजी चालत नाही. जर्मन भाषेची बी-2 पातळी लागते. आपला अभ्यासक्रम त्यांच्याशी ताडून पाहतात आणि जे कमी असेल ते पूरक प्रशिक्षणाने किंवा परीक्षेने भरून काढावे लागते. तोवर सहायक म्हणून कमी पगारावर काम करावे लागते. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याबाबत करार केला, त्यात नर्सही आहेत. पण करारामुळे भाषेची अट सुटलेली नाही.

अमेरिकेत एनक्लेक्स ही परीक्षा आहे. तिला बसण्याआधी विषयवार वर्गातील आणि वॉर्डातील तास तपासतात. बालरोग किंवा मानसोपचार वॉर्डाचे तास कमी भरले तर तेवढे पुन्हा करायला सांगतात. कॅलिफोर्नियाचा नियम तर असा, की विषय वर्गात शिकत असतानाच त्याचे वॉर्डातील काम झालेले हवे. परीक्षा पास झाल्यावरही भारतीयांसाठी नोकरीच्या कायम व्हिसाची रांग कित्येक वर्षांची आहे.

एजंट आणि पैसा

"ताई, बैलजोडी काढू का?" असे एका वडिलांनी मला विचारले होते. एजंटाने सहा लाख सांगितले होते आणि मुलगी एएनएम होती. त्या पैशांनी तिला नर्सचा परवाना मिळणारच नव्हता. बैलजोडी वाचली आणि मुलगी आज जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

1983 च्या स्थलांतर कायद्याखाली परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाची केंद्र सरकारकडे नोंदणी हवी. त्याला घेता येणारे सेवाशुल्क 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी, एवढेच. इंग्लंडच्या सरकारी भरती नियमांनुसार नर्सकडून नोकरी लावण्याचे पैसे घेताच येत नाहीत. कुवेतच्या भरतीत केरळच्या नर्सकडून लाखो रुपये उकळल्याचे उघड झाल्यावर 2015 मध्ये केंद्र सरकारने आणखी एक नियम केला: आखातातील देशांसह 18 देशांत जाणाऱ्या नर्सची भरती सरकारी संस्थांमार्फतच व्हावी. केरळची नोर्का ही त्यांतलीच एक. परीक्षेची आणि पडताळणीची फी वेगळी असते, पण ती त्या त्या संस्थेला थेट भरायची. एजंटाच्या हातात रोख देऊ नये आणि मूळ प्रमाणपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत.

मग आपल्या पाड्यांचे काय?

काही सभासद विचारतात, आपल्याच पाड्यांवर सिस्टर कमी असताना मुलींना बाहेर कशाला पाठवायचे? प्रश्न रास्त आहे. पण जाणे वा राहणे हा निर्णय त्या मुलीचा आहे, आणि वर सांगितलेली तयारी इथेही लागते. सरकारी रुग्णालयातील परिचारिकेच्या जागेलाही जीएनएम किंवा पदवी, कौन्सिलची नोंदणी आणि चोख कागद लागतातच. तयारी झालेली मुलगी नाशिकला राहिली तरी तिचे नुकसान नाही. कर्ज काढून, अर्धवट कागदांवर गेलेली मुलगी मात्र दोन्हीकडून जाते.

म्हणून मंडळ्यांना आणि देणगीदारांना विनंती. दहावी झालेल्या मुलीला विज्ञान शाखेची आवड असेल तर शिकवणीला मदत करा. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलींची कागदपत्रे एका रविवारी उपासनेनंतर एकत्र बसून जुळवून पाहा. मंडळीत निवृत्त मेट्रन, शिक्षक, कारकून असतील, त्यांच्याइतके हे काम कोणाला चांगले जमणार? वसतिगृहात रोज अर्धा तास इंग्रजी बोलण्याचा वर्ग चालवा. आणि एजंटासाठी वर्गणी मागायला कोणी आले, तर आधी विचारा: मुलगी एएनएम की जीएनएम? तिची नोंदणी झाली आहे का? ज्या देशात जायचे, तिथल्या परिषदेने तिची पात्रता मान्य केली आहे का?

या प्रश्नांना एक पैसाही लागत नाही, पण ते वेळेवर विचारले तर एखाद्या घराची बैलजोडी आणि एखाद्या मुलीची तीन वर्षे वाचतात.