लाळ म्हणजे नुसती थुंकी नव्हे, ताई!



मागच्या महिन्यात एका गटाच्या सभेत मी सगळ्यांना ज्वारीच्या कोरड्या भाकरीचा एकेक तुकडा दिला. म्हटलं, "गिळायचं नाही, दोन मिनिटं नुसतं चावत राहायचं." थोड्या वेळाने एक काकू म्हणाल्या, "मॅडम, भाकर तं गोड लागून राह्यली!"

साखर कोणी टाकली? आपल्याच लाळेने बनवली. भाकर, भात, बटाटा यांत स्टार्च असतो. लाळेतलं अमायलेज नावाचं पाचक द्रव्य त्याची साखर करायला लागतं. म्हणजे पचन पोटात नाही, तोंडातच सुरू होतं.

कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली लाळेच्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या असतात. दिवसाला साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार होते. ती घास ओला करते, म्हणून तो घशाखाली सहज उतरतो. चव कळते तीही लाळेमुळेच. जीभ कापडाने कोरडी पुसून त्यावर साखर ठेवून पाहा, लगेच गोड लागणार नाही. लाळ दातांवरचं आंबट धुते, जंतूंनाही आवर घालते.

पण आपण जेवतो कसं? सगळ्यांचं झाल्यावर, उभ्या उभ्या. कापूस वेचायला जायचं म्हणून चार घास पाण्यासोबत ढकलायचे. ताई, पाच मिनिटं बसून, घास बारीक चावून खा. उन्हात पाणी पीत राहा, तोंड कोरडं पडू देऊ नका.

आता खरं बोलायचं ते खर्र्याबद्दल. "खर्रा टाकला की भूक मरते," असं आपल्यातल्याच काही जणी सांगतात. पण भूक मरते तेव्हा जेवण सुटतं, आणि सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी हळूहळू कडक होते. आधी तिखट झोंबतं, तोंड कोरडं पडतं, मग तोंड उघडेनासं होतं. आखडलेली कातडी सहसा पहिल्यासारखी होत नाही. पुढे कॅन्सरचाही धोका असतो.

आजच आरशापुढे उभ्या राहा. स्वतःची तीन बोटं एकावर एक, उभी, वरच्या-खालच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा, बरी न होणारी जखम असेल तर लाजू नका, ग्रामीण रुग्णालयात दाखवा. खर्रा सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा मोफत नंबर आहे.

पुढच्या सभेत भाकरीचा तुकडा सोबत आणा. आणि तीन बोटांची तपासणी घरच्या माणसांचीही करून या!

तुमची,
क्षेत्र समन्वयक, मारेगाव