मेपलच्या स्वादाची मऊ बिस्किटे

शरद ऋतू आला की कॅनडाच्या पूर्व भागात आणि अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत मेपल वृक्षांची पाने पिवळी, केशरी व तांबडी होतात. हवेत गारवा येतो आणि घरोघरी बिस्किटे भाजण्याचे दिवस सुरू होतात. मेपलच्या पाकाचा स्वाद असलेली मऊ बिस्किटे तेथे या दिवसांत आवडीने खाल्ली जातात. जबलपुरात हाच काळ कोजागरी आणि दिवाळी यांच्या दरम्यानचा होय. पाऊस संपलेला असतो, नर्मदेचे पाणी निवळू लागते आणि येथील मराठी घरांत फराळाची तयारी चालू होते. या फराळात चकली, कडबोळी, शंकरपाळे अशा कुरकुरीत पदार्थांचा भरणा अधिक. चकली मऊ पडली की गृहिणी हळहळते. ज्याचे वर्णन येथे करावयाचे आहे त्या बिस्किटाचा मात्र मऊपणा हाच मुख्य गुण आहे.

मेपलचा पाक परदेशातून येत असल्यामुळे आपल्याकडे महाग पडतो. परंतु स्वाद आणि मऊपणा हे दोन गुण कशामुळे उत्पन्न होतात, एवढे समजून घेतले तर त्या पाकावाचून अडत नाही. नरसिंहपूर जिल्ह्यातील करेलीचा गूळ आणि घरातल्या डब्यातील मेथी एवढ्यावर काम भागते. हे कसे घडते ते पाहू.

दोन रस, एक प्रक्रिया

मेपलच्या अनेक जातींपैकी शर्करा-मेपल ही जात पाकासाठी प्रसिद्ध आहे. हिवाळा सरत असताना, म्हणजे फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत, रात्री तापमान गोठणबिंदूच्या खाली जाते आणि दिवसा वर येते. या चढउतारामुळे खोडातील दाब बदलतो आणि खोडाला छिद्र पाडल्यास रस ठिबकू लागतो. या रसात साखर शेकडा २ च्या आसपासच असते. तो पाण्यासारखा पातळ असून त्याला मेपलचा परिचित गंध जवळजवळ नसतोच. सुमारे ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक मिळतो, आणि आटवताना लागणाऱ्या उष्णतेमुळेच त्याला रंग व स्वाद येतो.

जबलपूरच्या हिवाळ्यात रात्रीचे तापमान सहसा गोठणबिंदूच्या बरेच वर राहते. तेव्हा असा रस देणारे झाड येथे लावून उपयोग नाही. परंतु इटारसी-जबलपूर लोहमार्गावरील करेलीच्या परिसरात, नर्मदेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत ऊस पिकतो आणि गुऱ्हाळात त्याचा रस काहिलीत आटवला जातो. झाड वेगळे, देश वेगळा, पण प्रक्रिया तीच. गोड रसातील पाणी उष्णतेने घालवावयाचे, आणि ते जात असताना साखरेचे व रसातील अमिनो आम्लांचे परस्परांशी होणारे संयोग रंग आणि सुगंध निर्माण करतात. या संयोगांचे वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली प्रथम केले. भाकरीवर पडणारे तांबूस डाग, भाजलेल्या रव्याचा वास आणि गुळाचा खमंगपणा यांच्या मुळाशी हीच क्रिया आहे. पांढऱ्या साखरेत मात्र हा सुगंध उरत नाही, कारण शुद्धीकरणात तो निघून जातो.

मेथीच्या दाण्यातील गंध

गुळामुळे मेपलच्या स्वादाचा पाया तयार होतो, तरी त्याचा विशिष्ट गंध अजून हवा असतो. तो मेथीत सापडतो. मेथीच्या दाण्यांत सोटोलोन नावाचे एक द्रव्य अल्प प्रमाणात असते. जपानी संशोधकांनी १९८० च्या सुमारास उसाच्या कच्च्या साखरेच्या गंधाचा अभ्यास करताना या द्रव्याकडे लक्ष वेधले आणि कच्च्या साखरेसाठी असलेल्या जपानी शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. म्हणजे गूळ आणि मेथी यांचे गंधाचे नाते आपल्या लाडवांत फार पूर्वीपासून जमले होते, रसायनशास्त्राने त्याचे कारण दाखवले.

सोटोलोनचा एक चमत्कारिक गुण असा की त्याचे प्रमाण जास्त असेल तर वास मेथीचा व मसाल्याचा येतो, आणि प्रमाण अगदी कमी असेल तर तोच वास मेपलच्या पाकासारखा भासतो. पाण्याच्या अब्जावधी भागांत त्याचा एखादा भाग असला तरी नाकाला तो जाणवतो. म्हणूनच कृत्रिम मेपल स्वाद तयार करताना मेथीच्या अर्काचा उपयोग केला जातो. २००५ च्या ऑक्टोबरपासून न्यूयॉर्क शहरात मधूनमधून पाकासारखा गोड वास पसरे आणि लोक चकित होत. २००९ साली त्याचा उगम सापडला. शेजारच्या न्यू जर्सी राज्यातील एका कारखान्यात मेथीच्या दाण्यांवर प्रक्रिया चालत असे, आणि वाऱ्याबरोबर तो वास नदी ओलांडून येत असे.

मऊपणा कशात आहे

पावसाळ्यात उघडे राहिलेले बिस्किट सादळते आणि पोळी उघडी राहिली की कडक होते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. दोन्ही घटनांचे कारण एकच. प्रत्येक पदार्थ भोवतालच्या हवेशी ओलाव्याची देवघेव करीत असतो. कुरकुरीत बिस्किटात पाणी शेकडा ५ हूनही कमी असते, म्हणून ते दमट हवेतून ओलावा घेते. पोळीत पाणी भरपूर असते, म्हणून ती कोरड्या हवेला ओलावा देते. मऊ बिस्किट मऊ ठेवावयाचे म्हणजे त्यातील पाणी धरून ठेवणारे काहीतरी त्यात असावयास हवे.

हे काम विशिष्ट शर्करा करतात. आपली नेहमीची साखर म्हणजे इक्षुशर्करा. ती भाजताना विरघळते, पण बिस्किट थंड झाल्यावर तिचे पुन्हा स्फटिक बनू लागतात आणि बिस्किट टणक होते. उसाचा रस उकळताना मात्र त्यातील किंचित आंबटपणा आणि उष्णता यांमुळे काही इक्षुशर्करेचे विघटन होऊन द्राक्षशर्करा व फलशर्करा तयार होतात. गुळात या दोहोंचा अंश असतो. फलशर्करा पाण्याला विशेष घट्ट धरून ठेवते, आणि दोन्ही मिळून इक्षुशर्करेचे स्फटिक बनण्यास अडथळा करतात. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो तो याच गुणामुळे. ढेपेच्या बाबतीत जो दोष, तोच बिस्किटात गुण ठरतो.

मऊपणाला आणखी दोन गोष्टी सहाय्य करतात. पहिली म्हणजे मैदा कमी मळणे. पाणी लागून मैदा मळला गेला की त्यातील प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. पोळीला ते हवे असते, बिस्किटाला नको असते. तूप मैद्याच्या कणांवर पातळ थर देऊन हे जाळे आखूड ठेवते. दुसरी गोष्ट म्हणजे भट्टीतून वेळेवर बाहेर काढणे. बाहेर काढल्यावरही आतल्या उष्णतेने बिस्किट काही मिनिटे शिजतच राहते.

कृती

साहित्य, सुमारे २० बिस्किटांसाठी: चिरलेला गूळ १५० ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर, मेथीचे दाणे १ चहाचा चमचा, मैदा २५० ग्रॅम, घट्ट साजूक तूप १०० ग्रॅम, साखर ५० ग्रॅम, अंड्याचा बलक १, दही १ मोठा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चहाचा चमचा, मीठ पाव चहाचा चमचा. अंडे नको असल्यास बलकाऐवजी दही आणखी एक मोठा चमचा घ्यावे.

प्रथम रिकाम्या पातेल्याचे वजन करून ठेवावे. मेथी मंद आचेवर एखादे मिनिट, वास सुटेपर्यंतच भाजावी. ती करपली तर कडवटपणा वाढतो. नंतर गूळ, पाणी व अख्खी मेथी पातेल्यात घालून मंद उकळावे. दाणे कुटून घालू नयेत. अख्ख्या दाण्यांतून गंध पाकात उतरतो आणि कडूपणा बराचसा दाण्यातच राहतो. दहा मिनिटांनी पाक बारीक गाळणीतून गाळावा, म्हणजे मेथीबरोबर गुळातील कचराही निघून जातो. गाळलेला पाक त्याच पातेल्यात परत घेऊन, पातेल्याचे वजन वजा जाता सुमारे २०० ग्रॅम भरेपर्यंत आटवावा. अधिक आटल्यास तेवढे पाणी घालावे. मेपलच्या पाकाची घनता साधारण एवढीच असते. तापमापक वापरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मेपलचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा सुमारे ४ अंश सेल्सिअस अधिक तापमानास तयार होतो. जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर असल्याने येथे पाणी १०० अंशांच्या थोडे आधी, ९८.५ अंशांच्या आसपास उकळते. म्हणून येथे पाकाची खूण १०४ वर न धरता १०२.५ च्या सुमारास धरावी.

पाक कोमट होऊ द्यावा. तूप व साखर हलकी होईपर्यंत फेसावी. त्यात बलक, दही आणि मग पाक घालून एकजीव करावे. मैदा, सोडा व मीठ एकत्र चाळून त्यात मिसळावे आणि कोरडा मैदा दिसेनासा होताच हात थांबवावा. गुळाचा सौम्य आंबटपणा आणि दही यांच्याशी सोड्याचा संयोग होऊन वायू सुटतो व बिस्किट फुगते. हे मिश्रण झाकून एक तास शीतकपाटात ठेवावे, म्हणजे तूप घट्ट होते आणि भट्टीत बिस्किट पसरत नाही. कच्चे मिश्रण चाखू नये, कारण कच्च्या अंड्यात व कच्च्या मैद्यातही रोगजंतू असू शकतात.

लिंबाएवढे गोळे करून, किंचित दाबून, ताटात अंतर ठेवून मांडावेत. आधी तापवलेल्या भट्टीत १७० अंश सेल्सिअसला १० ते १२ मिनिटे भाजावेत. कडा घट्ट झालेल्या आणि मध्यभाग बोटाला मऊ लागेल अशा अवस्थेत ताट बाहेर काढावे. पाच मिनिटे तसेच राहू देऊन मग बिस्किटे जाळीवर ठेवावीत. भट्टी नसल्यास जाड बुडाच्या कढईत वाळू तापवून, त्यावर तिवई व ताट ठेवून घट्ट झाकणाखाली ती भाजता येतात. मात्र आच एकसारखी राहत नसल्याने एक-दोन बिस्किटे आधी भाजून वेळ ठरवावी.

फराळाचा डबा

ही बिस्किटे पूर्ण थंड झाल्यावर हवाबंद डब्यात ठेवावीत. चकली किंवा शंकरपाळ्यांबरोबर एकाच डब्यात ती ठेवली तर दोहोंचे नुकसान होते. मऊ बिस्किटाचा ओलावा डब्यातील हवेत येतो, कुरकुरीत पदार्थ तो शोषून घेतो, आणि दोन दिवसांत चकली सादळते व बिस्किट कडक होते. बिस्किटे कोरडी पडू लागली तर डब्यात पावाचा एक तुकडा एक रात्र ठेवावा. पाव आपला ओलावा बिस्किटांना देतो व स्वतः वाळतो. दुसऱ्या दिवशी तो काढून टाकावा, नाहीतर बुरशीची भीती असते.

गुळाची म्हणून ही बिस्किटे मधुमेही माणसास चालतील असे समजू नये. गूळ हा मुख्यतः साखरच होय. भुईमूग किंवा हरभरा ज्यांना मानवत नाही त्यांनीही सावध राहावे, कारण मेथी त्याच कुळातील असून तीही काहींना बाधते.

गंध ही खूण आहे, निदान नव्हे

या गंधाची आणखी एक बाजू आहे आणि ती प्रत्येक घरात ठाऊक असावी इतकी महत्त्वाची आहे. १९५४ साली अमेरिकेतील डॉक्टर जॉन मेंकेस व त्यांचे सहकारी यांनी एकाच कुटुंबातील चार अर्भकांच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली. त्या बाळांच्या लघवीस मेपलच्या पाकासारखा वास येत होता. या आनुवंशिक विकारात ल्युसिन, आयसोल्युसिन व व्हॅलिन या तीन अमिनो आम्लांचे शरीरात नीट विघटन होत नाही, ती रक्तात साठतात आणि मेंदूला इजा करतात. या विकारात येणाऱ्या वासातही सोटोलोनचा अंश असल्याचे पुढे आढळले.

आता आपल्याकडे बाळंतिणीला मेथीचे लाडू देण्याची रीत आहे. मेथीतील सोटोलोन शरीरात न बदलता घामातून व लघवीतून बाहेर पडते. प्रसूतीच्या वेळी मातेने मेथी घेतली असता नवजात बाळाच्या अंगालाही हा वास आल्याची आणि त्यामुळे या विकाराचा खोटा संशय आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. म्हणून डॉक्टरांना मेथीची माहिती अवश्य सांगावी. परंतु याची उलट बाजू अधिक गंभीर आहे. बाळ नीट दूध पीत नसेल, सुस्त पडत असेल, ओकत असेल, आणि त्याच्या लघवीला असा गोड वास येत असेल, तर ‘लाडवांमुळे येत असेल’ असे म्हणून घरी थांबू नये. त्याच दिवशी बाळाला रुग्णालयात न्यावे. रक्तातील अमिनो आम्लांची तपासणी केली म्हणजे शंका मिटते. विकार असला तरी वेळीच ओळखल्यास विशेष आहार व उपचार यांनी बाळ वाचू शकते. येथे विलंब दिवसांनी नव्हे, तासांनी मोजावा लागतो.

मेपलचा पाक, मेथीचा दाणा आणि आजारी अर्भक यांचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. नाकाला मात्र तिन्हींचा गंध सारखाच भासतो. तो कोठून आला हे ठरवण्यासाठी नाकाच्या पलीकडे जाऊन कारण शोधावे लागते. स्वयंपाकघरात या शोधातून एक चांगले बिस्किट हाती येते, आणि पाळण्याजवळ त्याच शोधाने एखादे बाळ वाचते.