विशेषणाची जागा

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी विद्यार्थ्याला विशेषणाची धास्ती वाटत नाही. ‘काळा घोडा’ म्हणजे ‘ब्लॅक हॉर्स’. मराठीप्रमाणेच इंग्रजीतही विशेषण सामान्यतः नामाच्या आधी येते. परंतु हे साम्य वरवरचे आहे.

मराठीत काळा घोडा, काळी घोडी, काळे घोडे असे विशेषण नामाबरोबर रूप पालटते. ‘लाल’सारखी विशेषणे तेवढी बदलत नाहीत. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही विशेषणांना असेच प्रत्यय लागत असत. पुढे ते हळूहळू झिजून गेले. आता घोडा असो, घोडी असो की घोडे असोत, ‘ब्लॅक’ हा ‘ब्लॅक’च राहतो. त्यामुळे शब्दांच्या जागेला फार महत्त्व आले.

जागा बदलली की कधी कधी अर्थही बदलतो. ‘द प्रेझेंट मेंबर्स’ म्हणजे सध्याचे सभासद. ‘द मेंबर्स प्रेझेंट’ म्हणजे हजर असलेले सभासद. भारताच्या संविधानाच्या इंग्रजी पाठातील १०० व्या अनुच्छेदात संसदेतील निर्णयांसाठी ‘मेंबर्स प्रेझेंट अँड व्होटिंग’ यांचे बहुमत सांगितले आहे. समजा, एखाद्या सभागृहात अध्यक्षांखेरीज १०० सभासद आहेत आणि त्यांपैकी ६० जणांनीच हजर राहून मत दिले. अशा वेळी ३१ मतांनी ठराव मंजूर होतो. तेथे नुसते ‘द प्रेझेंट मेंबर्स’ असे लिहिले असते, तर सध्याच्या सर्व सभासदांचे बहुमत, म्हणजे ५१ मते, लागली असती!

काही शब्दजोड्यांत मात्र विशेषण नामानंतर येते, ते इतिहासामुळे. १०६६ साली नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम याने इंग्लंड जिंकले आणि दरबारात व न्यायालयांत फ्रेंच भाषा शिरली. फ्रेंचमध्ये बहुतेक विशेषणे नामाच्या मागून येतात. तोच क्रम ‘कोर्ट मार्शल’, ‘अटर्नी जनरल’ यांसारख्या शब्दांत टिकून राहिला. इतिहासाच्या पुस्तकातील ‘गव्हर्नर जनरल’ही त्याच घडणीचा. त्यातला ‘जनरल’ हा कोणी सेनापती नव्हे. ते ‘सर्वांवरचा’ अशा अर्थाचे विशेषण आहे. म्हणूनच अनेकवचन करताना ‘गव्हर्नर्स जनरल’ असे लिहितात. प्रत्यय नामाला लागतो, विशेषणाला नाही. भारतातील ते पद १९५० साली देश प्रजासत्ताक झाला तेव्हा संपले, पण शब्द पुस्तकांत राहिला.

याउलट, ‘अस्लीप’ या विशेषणाला नामाच्या आधी बसण्याची मुभाच नाही. ‘द चाइल्ड इज अस्लीप’ हे शुद्ध. ‘अस्लीप चाइल्ड’ हे अशुद्ध. तेथे ‘स्लीपिंग चाइल्ड’ म्हणावे लागते. हा नियम विचित्र वाटतो खरा, पण ‘अस्लीप’ हा मुळात एक शब्दच नव्हता. ‘ऑन’ आणि ‘स्लीप’ हे दोन शब्द एकमेकांत मिसळून तो झाला. त्याचा अर्थ ‘झोपेत’. आणि मराठीतही ‘मूल झोपेत आहे’ असे म्हणतात. ‘झोपेत मूल’ रडते असे कोणी म्हणत नाही.