मुलांची माहिती कोणाच्या वहीत जाते?



एरवी माझे तुमच्याशी बोलणे म्हणजे बोंडअळी, बीजप्रक्रिया, नाहीतर माती परीक्षण. आज थोडे वेगळे बोलायचे आहे. जून महिना आला की इकडे पेरणीची घाई आणि तिकडे शाळेची घंटा, दोन्ही एकदमच. याच दिवसांत गावोगाव शिक्षणासाठी काम करणाऱ्या संस्थांची माणसे येतात. कोणी दप्तरे वाटते, कोणी सायकल देते, कोणी संध्याकाळचा वर्ग चालवते. काम चांगले असते आणि माणसेही बहुतेक चांगलीच असतात. पण त्यांच्या हातात एक फॉर्म असतो, आणि तो भरून झाला की आपल्या पोराचे नाव, जन्मतारीख, फोटो, आधारची झेरॉक्स, आपला मोबाइल नंबर हे सारे त्यांच्या पिशवीत पडते. पुढे त्याचे काय होते, हे आपण कधी विचारले आहे का?

मीही विचारले नव्हते. मागल्या साली एका गावात कापसाच्या प्रात्यक्षिक प्लॉटवर गेलो असताना एक ताई बांधावर येऊन थांबल्या. त्यांच्या मालकांनी कर्जापायी जीव दिला, त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. तीन एकर जिरायत, दोन लेकरे, थोरली मुलगी आठवीत. "साहेब, पोरगी शाळेत जाईना झाली," त्या म्हणाल्या. मला वाटले परीक्षेची धास्ती असेल. पण गोष्ट निराळीच होती. एका संस्थेने मुलीला सायकल दिली होती. देताना फोटो काढला, फॉर्मवर ताईंची सही घेतली. दोन महिन्यांनी शाळेच्या गावी एसटी स्टँडवर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर सायकलीसह ती मुलगी, तिचे पूर्ण नाव, गावाचे नाव, आणि खाली तिच्या वडिलांनी कसे मरण पत्करले त्याची ओळ. देणगीदारांची नावे कोपऱ्यात. वर्गातल्या पोरांनी तो वाचला. लेकरेच ती, बोलायची ते बोलली. मुलीने दप्तर खुंटीला अडकवले ते अडकवलेच. शिवाय ताईंच्या मोबाइलवर शिकवणीवाल्यांचे आणि कर्ज देणाऱ्यांचे फोन सुरू झाले होते. तो नंबर नेमका कोठून बाहेर गेला, हे शेवटपर्यंत कळले नाही.

त्या संस्थेचे नाव मी येथे लिहीत नाही. त्यांना दुष्ट म्हणावे असेही मला वाटत नाही. त्यांनी जे केले ते आम्हीही करत आलो आहोत. बियाणे वाटपाचा कार्यक्रम झाला की लाभार्थ्याला पिशवीसह उभे करायचे, फोटो काढायचा, अहवालाला लावायचा. "तुमचा फोटो छापू का?" असे नोकरीच्या इतक्या वर्षांत मी किती जणांना विचारले असेल? बोटावर मोजावे इतक्यांनाही नाही. असो.

माहिती किती मागावी, याचा धडा खरे तर आपल्याच शेतात आहे. मातीचा नमुना पाठवताना पिशवीत चिठ्ठी घालतो. त्यावर नाव, गट क्रमांक, नमुन्याची तारीख, मागचे पीक, पुढचे पीक, बागायत की जिरायत, एवढेच असते. प्रयोगशाळेला खताची मात्रा सांगायला एवढे पुरते. तिने तुमचे बँकेचे पासबुक मागितले तर तुम्ही म्हणाल, मातीचा आणि पासबुकाचा संबंध काय? हाच प्रश्न मुलाच्या फॉर्मसमोर विचारायचा. संध्याकाळच्या वर्गाला नाव, इयत्ता आणि निरोप देण्यापुरता एक नंबर लागतो. शिष्यवृत्ती खात्यात जमा करायची असेल तर बँकेचा तपशील लागेल, उत्पन्नाचा दाखलाही लागेल. पण वाचन शिकवायला जात कशाला? सायकल द्यायला बाप कसा गेला हे कशाला?

आपल्या देशात आता याला कायद्याचा आधार आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने निकाल दिला की खाजगीपणा हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. तो खटला कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या नावाने ओळखला जातो. पुढल्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८ रोजी, आधारच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेच्या लाभापासून दूर ठेवता येणार नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, कामाला येते.

त्यानंतर २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संस्थांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हावीत, असे त्यात ठरले आहे. कायद्याची भाषा अवघड आहे, पण मतितार्थ आपल्या व्यवहारात बसणारा आहे. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठा देऊन आपल्या आज्या-पणज्यांच्या जमिनी गेल्या, हे कोणाला सांगायला नको. कोऱ्या कागदावरचा अंगठा ही संमती नव्हे, तसेच न समजलेल्या फॉर्मवरची सहीही संमती नव्हे, असे हा कायदा म्हणतो. माहिती कोणती घेतो, कशासाठी घेतो, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कोठे करायची, हे आधी सांगितले पाहिजे. ते मराठीत मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत ते वाचायला मिळाले पाहिजे.

आणि संमती दिली तरी ती कामापुरतीच. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे. फोनवरून वैद्यकीय सल्ला देणारी एखादी सेवा तुमची प्रकृतीची माहिती घेते आणि त्याच सोबत तुमच्या मोबाइलमधील सगळे नंबरही मागते. तुम्ही दोन्हींना हो म्हटलेत. तरीही नंबरांची ती संमती धरली जात नाही, कारण सल्ला द्यायला त्यांची गरज नाही.

मुलांच्या बाबतीत बांध आणखी उंच घातला आहे. वय १८ पूर्ण होईपर्यंत आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांची, आणि तीही पडताळून पाहता येईल अशी, संमती हवी. मुलाच्या हिताला बाधा येईल असा माहितीचा वापर करायचा नाही. मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्याला हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. शाळांना शिकवण्यापुरती आणि सुरक्षेपुरती काही सूट आहे. मुलांविषयीचे हे नियम मोडले तर दंड २०० कोटी रुपयांपर्यंत, आणि माहिती नीट न सांभाळल्याने ती फुटली तर २५० कोटींपर्यंत होऊ शकतो. आकडे ऐकून डोळे विस्फारू नका. तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या हाती त्यातला रुपयाही पडत नाही. माझ्या मते ही या कायद्यातली उणीव आहे. नुकसान लेकराचे आणि भरपाई तिजोरीला, हे काही मनाला पटत नाही.

दुसरीही एक मेख आहे. हा कायदा संगणकावरच्या माहितीला, किंवा कागदावरून संगणकात गेलेल्या माहितीला लागू आहे. नुसत्या वहीत राहिलेल्या यादीला नाही. पण हल्ली वहीतली यादी वहीत राहते कोठे? कार्यकर्ता झाडाखाली बसून फॉर्म भरून घेतो आणि उठण्याआधी त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकतो. त्या गटात तीस जण. त्यातले पाच जण पुढल्या वर्षी काम सोडून जातात, फोटो मात्र त्यांच्या मोबाइलमध्ये राहतो. गळती होते ती अशी. कोणी चोर येऊन कुलूप फोडतो असे नेहमीच नसते; पाइपाच्या सांध्यातून थेंब थेंब जावे तसे हे जाते.

चांगली संस्था कशी ओळखावी? ती मुलाला एक क्रमांक देते. परीक्षेचे गुण, हजेरी, आजारपण यापुढे तो क्रमांक असतो, आणि कोणता क्रमांक कोणाचा ही यादी दोघातिघांखेरीज कोणाला दिसत नाही. फोटोची संमती ती वेगळी घेते, आणि फोटोला नाही म्हटले तरी सायकल मिळते. मुलाचा चेहरा, पूर्ण नाव आणि गाव ही तीन एकत्र छापत नाही. बाहेरचा दाता मुलाला पत्र लिहिणार असेल तर ते कार्यालयातून वाचून पुढे जाते, घरचा पत्ता त्याला दिला जात नाही. आणि काम संपले की कागद फाडते, संगणकातून पुसते. हे सारे करायला पैसा फारसा लागत नाही, शिस्त लागते.

मुलांची माहिती गोळा करूनही मूल उघडे न पाडता काम करता येते, याचा मोठा नमुना आपल्यापुढे आहे. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी चालवली आहे. तुमच्या गावातही ती कधी आली असेल. जिल्ह्यातली ३० गावे निवडतात, गावाचे चार भाग पाडून प्रत्येक भागातली पाच, अशी वीस घरे घेतात. ओट्यावर बसून मुलाला एक कागद वाचायला देतात. आधी अक्षरे, मग शब्द, मग सोपा परिच्छेद, मग गोष्ट. नंतर वजाबाकी, भागाकार. पाचवीतल्या किती मुलांना दुसरीचे वाचता येते, हे देशाला या पाहणीमुळे कळले आणि सरकारला त्यावर बोलावे लागले. पण अहवाल उघडून बघा. त्यात आकडे आहेत ते जिल्ह्याचे आणि राज्याचे. अमक्याच्या पोराला वाचता येत नाही, असे त्यात कोठे नाही. आपणही पीक कापणी प्रयोग करतो तेव्हा हेच करतो; प्लॉट निवडतो, वजन घेतो, पण जाहीर होते ते मंडळाचे उत्पादन.

याच पाहणीत २०२४ साली १४ ते १६ वर्षांच्या ग्रामीण मुलांना मोबाइलविषयी विचारले होते. त्यातल्या सुमारे ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असे सांगितले. म्हणजे फॉर्मवर सही तुमची, पण मोबाइलवर आलेला फोटो आधी बघणार ते तुमचे मूल. ताईंच्या घरी तसेच झाले. फ्लेक्सचा फोटो मुलीला मैत्रिणीच्या मोबाइलवर दिसला, आईला तो चार दिवसांनी कळला.

तेव्हा दारात फॉर्म आला की घाई करू नका. मोठ्याने वाचून दाखवायला सांगा, घरात शिकलेले मूल असेल तर त्याला वाचू द्या. कोरी जागा ठेवून सही करू नका, जे सांगायचे नाही तेथे रेघ मारा. आधार दिलेच तर शेवटचे चारच अंक दिसतील असे झाकलेले आधार काढून मिळते, ते द्या. झेरॉक्सवर आडवे लिहा, 'फक्त अमुक कामासाठी', आणि तारीख घाला. भरलेल्या फॉर्मची एक प्रत स्वतःजवळ ठेवा. बिगरसहीचा खताचा रोख मेमो आपण घेत नाही, मग ही प्रत का सोडावी? फोनवर कोणी संस्थेचे नाव सांगून ओटीपी मागितला तर देऊ नका, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा.

आता ताईंचे पुढे काय झाले ते सांगतो. आम्ही दोघांनी बांधावर बसून पत्राचा मसुदा केला. त्यांनीच सांगितले, मी लिहिले: "माझ्या मुलीचा फोटो, नाव आणि तिच्या वडिलांविषयीचा मजकूर फ्लेक्सवरून आणि इतर सर्व ठिकाणांहून काढावा. तो वापरण्यास माझी संमती नाही. तिची कोणती माहिती तुमच्याकडे आहे व ती कोणाकोणाला दिली, हे मला लेखी कळवावे. सायकल दिलीत त्याबद्दल आभार." शेवटची ओळ मी नको म्हणत होतो, ताईंनी ती ठेवायला लावली. पत्र रजिस्टर पोस्टाने गेले. कायद्याची वाटही हीच आहे. आधी संस्थेला लेखी विचारायचे, तेथे दाद लागली नाही तर मग पुढे माहिती संरक्षण मंडळाकडे तक्रार.

आमच्यावर तेवढी वेळ आली नाही. आठ दिवसांत फ्लेक्स उतरला. संस्थेचे मुख्य गृहस्थ स्वतः आले, ओट्यावर खाली बसले आणि ताईंची माफी मागितली. माहिती कोणाला दिली त्याची यादी आणली होती: दोन देणगीदार आणि फ्लेक्स छापणारा. पुढल्या फॉर्मवर फोटोसाठी वेगळा रकाना घालतो असे म्हणाले, आणि यंदाचा फॉर्म मी पाहिला, त्यात तो आहे. शिकवणीवाल्यांचे फोन मात्र अजून येतात. नंबर बदलावा तर बँकेला, पीकविम्याला सगळीकडे तोच दिलेला.

मुलगी दिवाळीनंतर शाळेत जाऊ लागली. सायकलवरच जाते. पण एसटी स्टँडवरून न जाता ओढ्याकडच्या वाटेने जाते. ती वाट पाऊण किलोमीटर लांब पडते.